पर्मेथ्रिनची खोळ, कामिनोची वाट आणि ढेकूण

आधी निकाल. झोपायची खोळ म्हणून हे लायनर झकास. ढेकणांपासूनचं संरक्षण म्हणून पाचपैकी दोन गुण, आणि त्यातला एक मी शिवणकामाला दिलाय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कापडाला लावून बरेच जण विकतात आणि माझं म्हणणं त्या रसायनाबद्दल आहे, एका दुकानाबद्दल नाही. वस्तू म्हणजे स्लीपिंग बॅगच्या आत घालायची पातळ खोळ. पॉलिएस्टर-सुती कापड, डोक्याकडे उशी सरकवायला खिसा, घडी घातली की मुठीत मावते, वजन नगण्य. पर्मेथ्रिनची प्रक्रिया कारखान्यातच केलेली. पाकिटावर एका लाल वर्तुळात डास, गोचीड आणि ढेकूण अशा तिघांवर मिळून एकच फुली. या तिघांना एका फुलीत बसवणं हीच माझी पहिली तक्रार, पण त्याकडे नंतर येते.

वापरली कामिनो फ्रान्सेसवर. पिरेनीजच्या पायथ्याशी, फ्रान्सच्या बाजूला असलेल्या सँ-जाँ-पिये-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतची ही साधारण 780 किलोमीटरची यात्रेची वाट. बरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते. रोज नवं गाव, रोज नवी आल्बेर्गे. आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंसाठीची वसतिगृहं. मोठ्या खोलीत दुमजली खाटांच्या रांगा, बहुतेक ठिकाणी एकच रात्र राहायची मुभा, रात्री दहाच्या सुमारास दिवे बंद. आज ज्या गादीवर तुम्ही, तिथे काल दुसरं कोणी होतं आणि उद्या तिसरं येणार. वर सगळ्यांच्या सॅका रोज एका गावातून पुढच्या गावात. ढेकणाला ना उडता येतं ना उडी मारता येते, पण अशी वाहतुकीची सोय असल्यावर त्याला पायांचीही फारशी गरज उरत नाही. म्हणून एखाद्या आल्बेर्गेत ढेकूण निघाला की लगेच ‘घाणेरडी जागा’ असा शिक्का मारणाऱ्यांचा मला राग येतो. लख्ख पुसलेल्या खोलीतही दुपारी कुणाच्या तरी सॅकेतून तो उतरू शकतो. तुमच्याही.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याचा या परीक्षणाशी संबंध आहे. माझी सगळी नोकरी कापड-प्रक्रियेच्या प्रयोगशाळेत झाली. कापडावर काही चढवलं की ते किती धुण्यांपर्यंत टिकतं, घासल्यावर किती जातं, उन्हात किती उडतं, हेच बघत आले. त्यामुळे पाकिटावरचा मजकूर मी जाहिरात म्हणून वाचत नाही, दावा म्हणून वाचते.

टिकण्याचा दावा मला पटला. कारखान्यात प्रक्रिया केलेल्या कपड्यांवर 70 धुण्यांपर्यंत असर राहतो असं काही उत्पादक सांगतात. घरी मारायच्या 0.5 टक्के पर्मेथ्रिनच्या फवाऱ्यावर मात्र सहा आठवडे किंवा सहा धुणी असा आकडा असतो. एवढी तफावत असणं साहजिक आहे. कारखान्यात रसायन बाइंडर, म्हणजे धरून ठेवणारा पदार्थ, वापरून धाग्यावर पक्कं बसवता येतं, घरी फवारलेलं नुसतं वाळून चिकटतं. पण गिऱ्हाईक म्हणून अडचण अशी की खोळीतला असर शिल्लक आहे की धुऊन गेला, हे कळायला काही मार्ग नाही. वाळल्यावर त्याला वास नाही, रंग नाही, हाताला काही लागत नाही. रंग उडाला तर डोळ्यांना दिसतो. इथे भरवशावर सगळं.

बरं, असर आहे असं धरून चालू. कशावर आहे? पर्मेथ्रिनचा पूर्वज म्हणजे सेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणारं पायरेथ्रम. ते कीटकांना लवकर लोळवतं, पण उन्हात झटपट निकामी होतं. त्याच्या धर्तीवर उन्हात टिकणारं पर्मेथ्रिन 1973 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. ते कीटकाच्या मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाही, त्यामुळे कीटकाला झटके येतात, मग लुळेपणा, मग मरण. डास आणि गोचीड यांच्यावर ते चांगलं चालतं. गोचिडींच्या भागात चालणाऱ्यांनी पर्मेथ्रिनचे मोजे आणि पँट जरूर घालावी, त्यात मला काही वाद नाही.

ढेकणाची गोष्ट निराळी. गेल्या काही दशकांत जगभरच्या ढेकणांमध्ये या कुळातल्या औषधांना दाद न देण्याची ताकद आली आहे. काहींमध्ये तो सोडियमचा मार्गच असा बदललाय की औषध तिथे नीट बसत नाही, काहींची कातडी जाड झाली आहे, काही शरीरातच औषध मोडून टाकतात. एकाच ढेकणात हे सगळंही असू शकतं. दुसरी गोष्ट पाकिटावर कुठेच नसते. पर्मेथ्रिन हे मुख्यतः स्पर्शाने मारणारं औषध आहे, पळवून लावणारं नाही. म्हणजे खोळ अंगावर आहे म्हणून ढेकूण लांबूनच माघारी फिरेल असं काही नाही. तो कापडावरून चालत येणार, तुमची मान किंवा कोपर खोळीबाहेर असेल तिथे पोचणार आणि पाच-दहा मिनिटांत पोट भरून परत जाणार. औषध लागू पडलंच तरी ते त्यानंतर. चावा तुमच्या नावावर जमा झालेला असतो.

हे सगळं मी निघण्यापूर्वी वाचलेलं होतं. प्रत्यक्ष बघायला मिळालं मेसेतावर. बुर्गोस आणि लेऑन यांच्यामधलं हे पठार. दोन्हीकडे गव्हाची शेतं, सावली नावाला. तिथल्या एका गावात (गावाचं नाव नको, माणसं फार चांगली होती) लाकडी दुमजली खाट वाट्याला आली. आमचा शिरस्ता असा की सॅक दारातच ठेवायची, आधी गादी तपासायची, मग पाय पसरायचे. वहिनींनी गादीचा भिंतीकडचा कोपरा उचलला आणि म्हणाल्या, “अगं, तुझा चष्मा दे इकडे. हे शिवणीत काय आहे बघ.”

शिवणीच्या गोटाखाली काळे ठिपके होते, बारीक निबाच्या पेनाने टेकवल्यासारखे. मळ झटकला तर झडतो, हे झडेनात. ओला टिशू फिरवला तशी त्यांची तांबूस-तपकिरी फरफट उमटली. पचलेलं रक्त. बाजूला एक रिकामं कवच, अगदी पारदर्शक, पायांसकट. ढेकूण मात्र गादीत नव्हताच. खाटेचा आडवा दांडा जिथे पायाला जोडला होता, तिथल्या बोल्टच्या खोबणीत टॉर्चचा झोत सरळ टाकला तेव्हा एक चपटा, काळपट-लाल पाठीचा, चार-पाच मिलिमीटरचा प्राणी जरासा हलला. लोकांना वाटतं ढेकूण शोधायचे म्हणजे चादर झटकायची. चादरीवर तो रात्री जेवायला येतो. राहायला त्याला फट लागते, विशेषतः लाकडाची. लोखंडी खाट आणि रेक्झिनसारख्या गुळगुळीत कव्हरची गादी दिसली की आम्ही निम्मा सुस्कारा तिथेच सोडायचो. पुष्कळ आल्बेर्गेंमध्ये आता तशाच आहेत.

जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने मी तो गोळ्यांच्या पारदर्शक डबीत उतरवला. आल्बेर्गे सांभाळणाऱ्या बाईंना, म्हणजे ओस्पितालेरांना, डबी दाखवून ‘चिंचेस’ एवढंच म्हटलं. स्पॅनिशमध्ये ढेकणांना तसं म्हणतात. त्यांनी ना कपाळाला आठी घातली ना वाद. खोली बंद केली, आम्हाला दुसरीकडे लोखंडी खाटा दिल्या आणि आमच्याकडचे सगळे कपडे ड्रायरमध्ये टाकायला लावले. कुणावर ओरडण्यापेक्षा पुरावा हातात घेऊन शांतपणे सांगावं, काम लवकर होतं.

डबी मात्र मी परत मागून घेतली. अंगणातल्या टेबलावर तिच्या तोंडावर माझ्या खोळीचं कापड ताणून बसवलं, वरून रबर लावला आणि डबी उलटी केली. आता ढेकणाला चालायला ते कापडच. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही.

वहिनी मान हलवत म्हणाल्या, “यात्रेला आलीस की लॅबला?”

“वहिनी, दोन मिनिटं थांबा तरी.”

दोन मिनिटांनी तो चालत होता. दिवे बंद व्हायच्या वेळीही चालत होता, मग कापडाला पडलेल्या एका चुणीत जाऊन बसला. ना झटके, ना उलटा पडणं, ना पाय झाडणं. सकाळी मी कापडाच्या बाहेरून हलकेच श्वास सोडला तसा चुणीतून बाहेर येऊन तोंड वर करून शोधायला लागला. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांवर तो माग काढतो. पर्मेथ्रिनवर रात्र काढूनही त्याची भूक शाबूत होती. मग डबी उकळत्या पाण्यात.

एका ढेकणावरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको. कदाचित तो आणखी दोन दिवसांनी मेलाही असता. पण मला झोपायचं त्या रात्री होतं.

वस्तूतल्या आणखी दोन गोष्टी मला खटकल्या, आणि त्या रसायनाच्या नाहीत, ती बनवणाऱ्याच्या डोक्याच्या आहेत. एक म्हणजे रंग. ही खोळ गडद निळी, जवळजवळ काळी. मळखाऊ म्हणून असेल. पण ढेकणांसाठी म्हणून विकायच्या कापडावर ढेकूण, त्याची कात, रक्ताचा डाग यातलं काहीच दिसू नये? पुष्कळ आल्बेर्गेंमध्ये पातळ, कागदासारखी, एकदा वापरून टाकायची पांढरी चादर आणि उशीची खोळ देतात. तिने ढेकूण अडत नाही, पण सकाळी तिच्यावर बारीकसा डाग असला तरी चटकन डोळ्यात भरतो. माझ्या महागड्या खोळीपेक्षा त्या फुकट चादरीने मला जास्त माहिती दिली. गंमत म्हणजे 2016 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात लपायला रंगीत कागदाचे छोटे तंबू दिले तेव्हा ढेकूण लाल-काळ्याकडे जास्त वळले, पिवळ्या-हिरव्याकडे कमी. रात्रीच्या अंधारात रंगाने फार फरक पडेल असं मला वाटत नाही आणि पिवळ्या चादरी घ्या असंही मी म्हणत नाही. पण कारखानदाराने नेमका काळपट रंग निवडावा याचं हसू आलं.

दुसरी म्हणजे धुलाईचं लेबल. ड्रायरच्या चिन्हात एक ठिपका, म्हणजे कमी उष्णता. आता ढेकणावर हमखास चालणारा उपाय कुठला, तर उष्णता! 50 अंश सेल्सियसच्या आसपास तो आणि त्याची अंडी फार वेळ तग धरत नाहीत. जास्त उष्णतेवर अर्धा तास ड्रायर फिरवला की अंडी, पिल्लं, मोठे सगळे खलास, मग ते कुठल्याही औषधाला दाद न देणारे असोत. जी वस्तू ढेकणांच्या जागी न्यायची तिलाच हा उपाय करू नका असं लेबल सांगतं. पॉलिएस्टर-सुती कापडाला या उष्णतेने काही होत नाही हे ठाऊक असल्याने मी सरळ सगळ्यात गरम खटक्यावर टाकली. कापड जसंच्या तसं आहे, शिवण कुठे ओढली गेली नाही. म्हणून तो शिवणकामाचा एक गुण.

ड्रायरबद्दल एक बारकावा. कपडे धुऊन मग वाळवायचे हा आपला क्रम. ढेकणांचा संशय असेल तर कोरडे कपडे आधी तसेच ड्रायरमध्ये टाका. ओल्या कपड्यांत निम्मा वेळ पाणी उडवण्यात जातो, कोरडे लगेच तापतात. वाटेवर बऱ्याच आल्बेर्गेंमध्ये नाणी टाकून चालणारा ड्रायर असतो, तीन-चार युरोंची सुटी नाणी जवळ असू द्या. ते पैसे मला खोळीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त लागी लागलेले वाटतात.

मग नेमकं काय न्यायचं? चांगला पांढऱ्या प्रकाशाचा हेडटॉर्च, ही पहिली वस्तू. पोचल्या पोचल्या, अंघोळीच्याही आधी, गादीचे चारही कोपरे, गोटाची शिवण, खाटेचे जोड, भिंतीला टेकलेली बाजू. सवय झाली की दोघींना मिळून जेमतेम पाच मिनिटं. दुसरी वस्तू म्हणजे घट्ट बंद होणाऱ्या ड्राय बॅगा, आणि त्यातली एक फक्त मळक्या कपड्यांसाठी. याला आधार आहे: 2017 मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी खोलीत मळक्या आणि स्वच्छ कपड्यांच्या पिशव्या ठेवून पाहिल्या, तेव्हा माणूस खोलीत नसताना ढेकूण मळक्या कपड्यांकडे दुपटीने जास्त गोळा झाले. घामट मोजे खाटेच्या दांड्यावर वाळत टाकून फिरायला जाणाऱ्यांनी हे वाचावं. सॅक खाटेवर कधीही नाही, खाटेखालीही नाही. खुंटीवर, किंवा मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. काही ठिकाणी तर सॅक झोपायच्या खोलीत आणूच देत नाहीत. लोक कुरकुरतात. मला अशा ठिकाणी सगळ्यात गाढ झोप लागली.

चाव्यांबद्दल लोकांचे भलते समज असतात. “मला काही चावलं नाही, म्हणजे ढेकूण नव्हते” हे चूक. काहींच्या अंगावर काहीच उठत नाही. वयस्कर माणसांत तर असं बरेचदा होतं. वहिनी आणि मी शेजारी शेजारी झोपायचो. माझ्या दंडावर गांधी उठायच्या, त्यांच्या अंगावर ठिपका नाही. “माझं रक्त बेचव असेल,” असं त्या फुशारकीने सांगायच्या. दुसरं म्हणजे खाज कधीकधी काही दिवसांनी उठते, क्वचित दोन आठवड्यांनीही. त्यामुळे आज खाजलं म्हणून कालच्या आल्बेर्गेला दोष देण्यात अर्थ नाही. रांगेत तीन चावे म्हणजे ढेकूणच, हेही छातीठोक सांगता येत नाही. ढेकणांमुळे माणसाला रोग लागल्याचं आढळलेलं नाही, एवढा दिलासा आहे. त्रास असतो तो खाजेचा, झोपेचा आणि खाजवून चिघळण्याचा. हिरव्या क्रॉसच्या पाटीचं औषधाचं दुकान वाटेवरच्या मोठ्या गावांत सहज सापडतं, खाजेचं मलम किंवा गोळी तिथल्या फार्मासिस्टला विचारून घ्यावी.

घरी परतल्यावरचं काम कंटाळवाणं असलं तरी ते सोडायचं नाही. कपडे, खोळ, स्लीपिंग बॅग थेट ड्रायरमध्ये, सॅक घराबाहेर रिकामी करून प्रत्येक खिसा, पट्ट्यांची शिवण आणि पाठीची गादी टॉर्चने बघायची, मग व्हॅक्यूम. ड्रायर न चालणाऱ्या लहान वस्तू पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवणं हा लोकप्रिय उपाय आहे, पण पिशवीच्या मधोमध तेवढी उष्णता पोचतेच असं नाही, त्यावर मी विसंबत नाही. आणि नुसतं ‘सॅक माळ्यावर टाकली, उपाशी मरतील’ हे तर मुळीच नको. ढेकूण महिनोन् महिने उपाशी राहू शकतो.

खोळ कुणी घ्यावी? ज्यांना आल्बेर्गेच्या ब्लँकेटला अंग लावायचं नाही, उन्हाळ्यात स्लीपिंग बॅगचं ओझं टाळायचंय, त्यांनी अशा आकाराची खोळ जरूर घ्यावी. पण साधी, औषध न लावलेली, पांढरी किंवा फिकट रंगाची, आणि गरम ड्रायर चालेल असं लेबल असलेली. उरलेले पैसे टॉर्चवर. एवढं सगळं वाचूनही कुणाला पर्मेथ्रिन हवंच असेल तर निदान ते सॅकेच्या बाहेरच्या बाजूला आणि मोज्यांना मारा, गोचिडींसाठी तरी कामी येईल. फवाऱ्याचा डबा विमानात नेण्याच्या फंदात पडू नका, निघायच्या आधी घरीच मोकळ्या हवेत मारून पूर्ण वाळवा. घरात मांजर असेल तर ओलं कापड तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना पर्मेथ्रिन विषारी असतं. आणि उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, माशांनाही ते तितकंच घातक.